काजवालीची दुआ

आमच्या कारखान्यात दर शुक्रवारी दुपारी, नमाज झाली की एक बाई मालकासाठी दुआ मागायची. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं. "या अल्ला, मास्टरला हज नसीब कर. त्याला धडधाकट ठेव, त्याच्या धंद्यात बरकत दे, पण एकदा तरी त्याला तुझ्या घरी बोलाव." आम्ही बाकीच्या बाया आमीन म्हणायचो. ही बाई एक तर वेडी आहे नाहीतर फरिश्ता, असं मला वाटायचं. ती या दोन्हींतली कोणीच नव्हती, हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

तिला सगळे काजवाली म्हणायचे. कोटाला किंवा शर्टाला बटण अडकवायला जी चीर असते ते काज. काजाच्या कडा दोऱ्यानं बांधून शेवटी छोट्या सुरीनं चीर पाडणारं एक मशीन असतं, ते ती चालवायची. मी तिच्या शेजारी बसून बटणं लावायचे, म्हणून मी बटणवाली. बटणं काय कोणीही लावेल. काज चुकलं तर मात्र सगळा कोट फुकट जातो, कारण एकदा सुरी पडली की कापड पुन्हा जोडता येत नाही. तेरा वर्षांत तिचं एकही काज वाकडं पडलं नाही. मास्टर हे गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा, तिला मात्र कधी बोलला नाही.

कारखाना म्हणजे कापडाच्या गोदामावरची एक लांबट खोली. वर यायला लोखंडी जिना. तीन खिडक्या, त्यातली एक उघडते. अकरा मशीनं दोन रांगांत, मागे कापायचं टेबल, कोपऱ्यात चाचांची वाफेची इस्त्री. हॉस्पिटलांचे पांढरे कोट आणि शाळांचे गणवेश हे आमचं बाराही महिन्यांचं काम. आम्ही सगळ्याच बाहेरच्या मुलुखातून आलेल्या. कोणी नवऱ्यामागून आली, कोणी नवऱ्याला सोडून आली. इथली भाषा आम्हाला बाजारापुरती येते. भाजीवाल्याशी आम्ही भांडू शकतो, पण कचेरीत खिडकीसमोर उभ्या राहिलो की जीभ टाळ्याला चिकटते. मास्टरला हे बरोबर माहीत होतं. त्याचा अर्धा धंदा शिलाईवर चालायचा आणि अर्धा आमच्या जिभेवर.

हा मास्टर काजवालीचा मोठा दीर. ती त्याला भाईजान म्हणायची आणि तो तिला 'दुल्हन'. धाकट्या भावाच्या बायकोला आमच्यात तसंच म्हणतात. पण तेरा वर्षं विधवा असलेल्या, केस पांढरे झालेल्या बाईला तो सगळ्यांसमोर 'दुल्हन, जरा हात चालव' म्हणायचा, तेव्हा माझ्या हातातली सुई त्याच्या जिभेला टोचावी असं वाटायचं.

आता मूळ गोष्ट सांगते. ती मला तुकड्यातुकड्यानं कळली. काही तिच्याकडून, काही चाचांकडून.

लग्नात तिचा मेहेर ठरला, पण दिला गेला नाही. मेहेर म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचा हक. तो तिच्या एकटीचा. त्यावर बापाचा, भावाचा, खुद्द नवऱ्याचाही हात चालत नाही. पण आपल्या लोकांत तो कागदावर लिहितात आणि कागद कपाटात टाकतात. तिचा नवरा तसा नव्हता. तो इथं येऊन भावाच्या हाताखाली शिंपीकाम करू लागला आणि तिसऱ्या वर्षी त्यानं एक जुनं काजाचं मशीन विकत घेतलं. ते आपल्या एका खोलीच्या घरात भिंतीशी ठेवलं, भावाला आणि इस्त्रीवाल्या चाचांना बोलावलं आणि म्हणाला, "हे हिच्या मेहेरात दिलं. आजपासून हे हिचं. तुम्ही दोघं साक्षीदार." मास्टरनं भावाच्या पाठीवर थाप मारली आणि चहा प्यायला. त्या दिवशी चहात साखर जास्त झाली होती, एवढं सुद्धा काजवालीला आठवतं.

दोन वर्षं ती घरी बसून काजं करत होती. आपली कमाई आपल्या हातात, लेक मांडीशी. मग एका सकाळी तिचा नवरा कोटांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन त्या लोखंडी जिन्यावर मध्येच खाली बसला, तो उठलाच नाही. लेक तेव्हा पाच वर्षांची होती.

मयत घरात. बाहेर माणसं जमलेली. अशा वेळी विचारतात, मेलेल्याकडे कोणाचं देणं राहिलं असेल तर बोला, नाहीतर माफ करा. त्यात वावगं काही नाही. माणसानं दुसऱ्याचं ओझं घेऊन जाऊ नये. पण मास्टर खोलीच्या दाराशी आला आणि पडद्याबाहेरून म्हणाला, "दुल्हन, मेहेर माफ केला म्हण."

ती भांबावली. "भाईजान, मेहेर तर मिळाला. मशीन..."

"तरी म्हणायचं असतं. त्याशिवाय जनाजा उचलायचा कसा? त्याच्या कबरीला जड जाईल."

मागे बायका बसल्या होत्या. त्यात मास्टरची बायको, हिची थोरली जाऊ होती. तिला सगळे भाभी म्हणतात. भाभीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "म्हण गं. त्यात काय? मी तर लग्नाच्या पहिल्याच दिवशी म्हटलंय."

म्हणून ती म्हणाली, "माफ केला." मास्टर म्हणाला, "जरा मोठ्यानं, बाहेर ऐकू गेलं पाहिजे." ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली. सव्वीस वर्षांची पोर, समोर नवरा पांढऱ्या कापडात. त्या वेळी तिला कोणी आपलं डोकं कापून दे म्हटलं असतं तरी तिनं दिलं असतं.

नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस इद्दतीत, म्हणजे घरात बसायचं असतं. अकराव्या दिवशी दोन हमाल आले. मास्टरनं पडद्याबाहेरून सांगितलं की मशीन बंद पडून गंजेल, कारखान्यात नीट राहील. ती इद्दतीत होती. उठून आडवं येणार कशी? मशीन जिन्यावरून खाली जाताना त्याची पाटी भिंतीला घासली. तो ओरखडा त्या घराच्या भिंतीवर पुढे कितीतरी वर्षं होता.

इद्दत संपली आणि ती मशीन मागायला गेली. मास्टर अगदी गोड आवाजात म्हणाला, "दुल्हन, मशीन तुला मेहेरात मिळालं होतं, बरोबर? आणि मेहेर तू माफ केलास. सगळ्यांनी ऐकलंय. म्हणजे मशीन परत माझ्या भावाचं झालं. भावाचं ते माझ्या सांभाळात. तू काय परकी आहेस? उद्यापासून ये, त्याच मशीनवर बस. दर काजामागे पैसे देत जाईन."

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या मशीनवर मजूर! आणि वर उपकार! कारण तिचे इथं राहायचे कागद नवऱ्याच्या नोकरीवर होते. नवऱ्याबरोबर तेही संपले. मास्टरनं तिचे आणि लेकीचे कागद आपल्या नावावर घेतले. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. दरवर्षी एक सही लागायची, आणि ती सही करायच्या आधी तो आठवडाभर पेन शोधत बसायचा.

ती मशिदीच्या कमिटीकडेही गेली होती. कमिटीतले लोक मास्टरबरोबर उठबस करणारे. त्यांनी एकच विचारलं, "माफ केला असं तू बोललीस की नाही?" ती म्हणाली, बोलले. झालं, त्यांनी हात वर केले.

चौथ्या वर्षी एक उस्तानी आली. मशिदीमागच्या खोलीत रविवारी बायकांना शिकवायची. उंच, चष्मेवाली, कोणाच्या बापाला न घाबरणारी. काजवालीनं धडा संपल्यावर तिला गाठलं आणि नाव न घेता सगळं विचारलं. मी तिथं होते, त्याच वर्षी मी कामाला लागले होते. उस्तानी म्हणाली, "जे बाकी असतं ते माफ करता येतं. जे हातात पडलं ते माफ कसं करणार? ते तुझंच आहे. तू 'माफ केलं' शंभरदा म्हणालीस तरी तुझंच."

"आणि घेणाऱ्याचं काय?"

"त्याचं कठीण आहे. अल्ला आपला हक माफ करतो. माणसाचा हक माणसालाच माफ करावा लागतो."

"तो हजला गेला तर?"

"हजनं सुद्धा ते धुतलं जात नाही. म्हणून तर जाण्याआधी लोक दारोदार माफी मागत फिरतात."

काजवालीनं हे तीन वेळा विचारून पक्कं केलं. उस्तानी शेवटी वैतागली. पुढच्या शुक्रवारपासून दुआ सुरू झाली. मी मात्र अशी मठ्ठ, की शेजारी बसूनही दोन गोष्टी जोडल्या नाहीत.

नऊ वर्षांनी, म्हणजे यंदा, मास्टरचा हजसाठी नंबर लागला. त्यानं कापायच्या टेबलापासूनच ओरडून सांगितलं आणि आम्ही उठून मुबारक दिलं. काजवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्टरला गहिवरून आलं. "दुल्हन, तुझीच दुआ फळली बघ," तो म्हणाला. "हो भाईजान," ती म्हणाली, "माझीच."

मग मास्टर बदलला. मऊ चपला घेतल्या, आवाज खाली आणला, दिवसातून दोनदा आम्हाला चहा पाजू लागला. वाण्याकडे गेला, घरमालकाकडे गेला, ज्याच्याशी सहा वर्षं बोलत नव्हता त्या धोब्याकडे जाऊन गळ्यात पडला. "काही कमीजास्त बोललो असेन, कहा-सुना माफ करा." आणि समोरचा माणूस लगेच, "माफ, माफ, आमच्यासाठीही तिथं दुआ करा." अशा वेळी कोण नाही म्हणतं? हजला निघालेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला सवयच नाही.

आमच्याकडे तो शनिवारी आला. मशीनांच्या दोन रांगांमध्ये हात जोडून उभा राहिला. आता माझंच सांगते. माझं पोर तापानं फणफणलं होतं तेव्हा मी दोन दिवस आले नाही, तर या माणसानं चार दिवसांचे पैसे कापले होते. मी लावलेली बटणं वाकडी म्हणून पैसे दिले नाहीत आणि तेच कोट तसेच्या तसे हॉस्पिटलात पोचवले होते. त्या सगळ्याचं उट्टं काढायची मी कितीदा शपथ घेतली होती. आणि तो समोर येऊन म्हणाला, "बहिणी, माफ कर," तर मी काय म्हणाले? "माफ केलं, मास्टर." पटकन. जीभ म्हणजे माझी दुश्मन. नंतर दिवसभर मी स्वतःवर चरफडत राहिले, पण सुटलेला शब्द थोडाच परत गिळता येतो.

सगळ्यात शेवटी तो काजवालीसमोर आला. "दुल्हन, तू तर घरचीच. तूही म्हणून टाक."

तिनं हातातलं काज पूर्ण केलं. सुरी पडली. मग मशीन बंद केलं आणि म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"माफ नाही केलं."

तो हसला. आम्हीही हसलो, थट्टा असेल म्हणून. ती हसली नाही. "हे मशीन माझ्या मेहेराचं आहे. ते माझ्या खोलीत आणून ठेवा. आणि ते तुम्ही कसं नेलंत ते तुमच्या तोंडानं चार माणसांत सांगा. मग बघू."

चाचांच्या इस्त्रीखालचा कोट करपल्याचा वास आला. मास्टरचा चेहरा त्या कोटाच्या रंगाचा झाला. "तुझे कागद कोणाच्या नावावर आहेत, आठवतंय ना?" तो म्हणाला. मऊ चपलांतला माणूस एका क्षणात जुना मास्टर झाला.

"आठवतंय. तुमच्या नावावर होते. गेल्या महिन्यात लेकीच्या नावावर झाले." लेक आता चांगली अठरा पूर्ण केलेली, हॉस्पिटलच्या खिडकीवर बसणारी, इथली भाषा फडाफडा बोलणारी पोरगी होती. जुन्या कागदांची मुदत संपण्याआधी तिनं स्वतः रांगेत उभं राहून काम केलं होतं. "पेन शोधायचा त्रास वाचला तुमचा," काजवाली म्हणाली.

चहाच्या सुट्टीत मी तिला जिन्यावर धरलं. "नऊ वर्षं! नऊ वर्षं तू यासाठी त्याच्या हजची दुआ मागत होतीस?"

"मग कशासाठी? त्याला सवाब मिळावा, पुण्य लागावं म्हणून?" ती चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "मी कचेरीत गेले असते तर मलाच परत पाठवलं असतं. कमिटीत गेले तर काय झालं ते तू ऐकलंयस. हा माणूस आपल्या पायांनी माझ्यासमोर कधी आला असता? एका बोलावण्यावर येईल हे मला माहीत होतं. ते बोलावणंच मागत होते."

"आणि तो आधीच मेला असता तर?"

"म्हणून तर तब्येतीचीही दुआ मागायचे."

पुढचे आठ दिवस तिच्या खोलीत जत्रा भरली. गावाकडून तिच्या सख्ख्या भावाचा फोन आला, इज्जतीची काळजी करत. मेल्यानं तेरा वर्षांत एकदाही फोन केला नव्हता, आता बहिणीची आठवण झाली. मास्टरनं नव्या मशीनचं चित्र पाठवलं, विजेवर चालणारं, याच्या तिप्पट किमतीचं. तिनं निरोप दिला, "मला माझंच हवं." लेक सुद्धा कंटाळली. माझ्यासमोर म्हणाली, "अम्मी, सोड ना आता. मी कमावते. त्या जुन्या खटाऱ्याचं तू करणार काय?"

"खटारा असेल, पण माझा आहे," काजवाली म्हणाली. "तुझी प्रत्येक फी मी माझ्याच मशीनवर दुसऱ्याची मजूर होऊन भरलीय. तुला शिकवलं ते मला 'सोड' सांगायला नाही." लेक रडली. हिनं तिला जवळही घेतलं नाही. खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत मला ती फार आवडायला लागली आणि थोडी भीतीही वाटायला लागली. तिच्या गालांवर रंग चढला होता. ओढणीला इस्त्री करून यायची. सूड अंगाला लागतो हे मी तेव्हा पाहिलं.

एका संध्याकाळी इस्त्रीवाले चाचा तिच्या दाराशी आले. आत आले नाहीत. "मी साक्षीदार होतो. पोटासाठी मूग गिळून बसलो. मलाही माफ कर, पोरी."

"तुमचंही बाकी आहे, चाचा," ती म्हणाली. "ज्या दिवशी तोंड उघडाल त्या दिवशी मिटेल."

मास्टरचं विमान मंगळवारी होतं. रविवारी दुपारी त्याच्या घरी सगळ्यांना जेवण. पुढच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत आम्ही बायका, मधलं दार उघडं. कोपऱ्यात दोन नव्या बॅगा बांधून ठेवलेल्या. भाभीही बरोबर जाणार होती. ती नेहमीप्रमाणे खाली मान घालून वाढत होती. नऊ वर्षांत मी त्या बाईला कधी पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. 'घ्या', 'अजून', 'बस', एवढंच.

जेवण झालं आणि मास्टर उठला. त्यानं डाव चांगला रचला होता. घसा साफ करून म्हणाला, "मी अल्लाच्या घरी निघालोय. निघताना माझ्या मरहूम भावाच्या विधवेला, माझ्या लहान बहिणीसारख्या दुल्हनला, कारखान्यातलं काजाचं मशीन बक्षीस देतो." लोक वाहवा म्हणाले. इमामसाहेबांनी मान डोलावली. चोर साव झाला आणि वर दानशूरही झाला.

काजवाली दारात जाऊन उभी राहिली. "बक्षीस नको," ती म्हणाली. "माझं मला हवं. खरं काय ते सांगा."

मास्टर इमामसाहेबांकडे बघू लागला. इमामसाहेब भला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "बहीण, जाऊ दे. माफ करणं फार मोठी गोष्ट आहे."

"फर्ज आहे का? केलंच पाहिजे असं?"

ते खरं बोलले. "फर्ज नाही. पण श्रेष्ठ आहे."

"मग मला थोडी कमी श्रेष्ठ राहू द्या."

तेवढ्यात भिंतीशी बसलेले चाचा उठले. त्यांचे गुडघे कुरकुरले ते सुद्धा ऐकू आलं. "मशीन हिच्या मेहेराचं आहे," ते म्हणाले. "हिच्या नवऱ्यानं माझ्यासमोर दिलं. दुसरा साक्षीदार हा. चहा प्यायला होता." आणि बसले. एवढं बोलायला त्यांना तेरा वर्षं लागली.

आता मास्टर पुरता कात्रीत सापडला. इमामसाहेबांनी फक्त विचारलं, "खरं आहे?" खोटं बोलावं तर मंगळवारी कोणत्या तोंडानं निघावं? त्यानं सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, पण सगळं सांगितलं. मेहेर मिळालाय हे माहीत असून जनाज्याजवळ माफ करायला लावला. इद्दतीत असताना मशीन उचललं. तिच्याच मशीनवर तिला मजुरीला ठेवलं. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबायचा, आणि काजवाली म्हणायची, "जरा मोठ्यानं. आतल्या बायकांना ऐकू गेलं पाहिजे."

मला त्या क्षणी उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या कापलेल्या दोन दिवसांचेही पैसे मला तिथं वसूल झाल्यासारखे वाटले.

"मशीन आत्ताच पाठवतो," मास्टर म्हणाला. कपाळाचा घाम पुसला. "झालं? आता तरी म्हण, माफ केलं."

"मशीनचं मिटलं," काजवाली म्हणाली. "तेरा वर्षांचं नाही. ते मी माझ्याजवळ ठेवते. वर जेव्हा सगळे हिशेबाला उभे राहतील तेव्हा माझ्याही हातात काहीतरी असू दे. तिथं मला भाषेची अडचण येणार नाही." आणि ती वळून आत येऊन सतरंजीवर बसली.

मास्टरनं कोणाकडे तरी आधार शोधत आत पाहिलं. त्याला वाटलं असेल, आता बायको दोन शब्द बोलेल, बायकांतला मामला बायका मिटवतील. "अगं, तू तरी सांग तिला," तो म्हणाला.

भाभीच्या हातात उष्ट्या ताटांची चळत होती. तिनं ती खाली ठेवली. "मी काय सांगू?" ती म्हणाली. "तिच्याकडे तुम्ही माफी तरी मागितलीत."

"म्हणजे?"

"वाण्याकडे गेलात. धोब्याकडे गेलात. कारखान्यातल्या एकेका बाईपुढे हात जोडलेत. मला कुठं विचारलंत? माझा मेहेर पहिल्या दिवशी माफ करून घेतलात, मी एकोणीस वर्षांची होते, दाराला कडी होती. त्यानंतर तीस वर्षं झाली. विचारायचं राहिलं की विचारायचं असतं हेच लक्षात आलं नाही?"

बाईचं हे मी ऐकलेलं पहिलं पूर्ण वाक्य आणि तेही असं. पुढच्या खोलीत कोणीतरी खोकलं. मास्टर सगळ्यांदेखत, बायकोसमोर हात जोडून म्हणाला, "माफ कर."

भाभीनं पदर नीट केला. "बघते," ती म्हणाली. "घाई कशाला? तिथं चाळीस दिवस आपण दोघंच आहोत. रोज विचारा."

काजवालीनं बाजूला सरकून तिला सतरंजीवर जागा करून दिली. मयताच्या दिवशी जिनं पाठीवर हात ठेवून 'म्हण गं' म्हटलं होतं, ती जाऊ येऊन तिच्या शेजारी बसली. उष्टी ताटं त्या दिवशी पुरुषांनी उचलली.

मशीन त्याच संध्याकाळी चार माणसांनी तिच्या खोलीत आणून ठेवलं. मंगळवारी विमान गेलं. आता आम्ही दोघी तिच्या खोलीत काम करतो, ती काजं पाडते, मी बटणं लावते. पहिल्या शुक्रवारी तिनं हात वर केले तेव्हा मी म्हटलं, "आता कशाची दुआ? तुझं तर झालं."

"माझं झालं," ती म्हणाली. "ही भाभीसाठी." आणि मोठ्यानं मागू लागली, "या अल्ला, तिला धीर दे. चाळीस दिवस तिच्या तोंडून तो शब्द पटकन निघू देऊ नकोस."

मी इतक्या जोरात आमीन म्हणाले की खालचा दुकानदार वर बघायला आला.